दोन दिवसांची रजा कशासाठी? शालेय समाजकार्यकर्ते आणि त्यांच्या परिषदा

(शालेय समाजकार्यकर्ते, मुख्याध्यापक आणि समाजकार्याचे विद्यार्थी यांच्यासमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



समोर तीन प्रकारची मंडळी बसलेली दिसताहेत. पहिल्या रांगेत मुख्याध्यापक आहेत, मध्ये माझ्यासारखे शाळांतून काम करणारे समाजकार्यकर्ते, आणि मागे, दाराजवळ, एमएसडब्ल्यू करणारी मुलं. मागच्यांना पुढे या म्हटलं तर येणार नाहीत, मीही त्या वयात आले नसते. तर तिथूनच ऐका.

सुरुवात एका नकारापासून करते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेत काम करत असताना मी परिषदेला जाण्यासाठी दोन दिवसांची रजा मागितली. कर्तव्य रजा, म्हणजे कामावर आहे असं धरून मिळते ती. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, शिक्षकांचं प्रशिक्षण असलं की वरून आदेश येतो. तुमच्या परिषदेचा आदेश कुठाय?" आदेश नव्हता. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "आणि तिथे जाऊन तुम्हाला नक्की मिळतं काय?"

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. 'ज्ञानात भर पडते' वगैरे. त्यांनी किरकोळ रजा मंजूर केली. आजचं व्याख्यान म्हणजे त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. फार उशिरा देतेय, पण देतेय.

शाळेतली एकटी बाई

आधी हे काम काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण पालकांपैकीही काही जण आले आहेत. शाळेतला समाजकार्यकर्ता शिकवत नाही. मूल शाळेत येत का नाही, आलं तर गप्प का बसतं, मारामारी का करतं, डबा का आणत नाही, याचा माग काढत तो घरापर्यंत जातो. गृहभेट, पालकांशी बोलणं, मुलाशी बोलणं, शिक्षकांना मुलाच्या घरची परिस्थिती सांगणं, गरज पडली तर दवाखाना, बाल कल्याण समिती, पोलीस, शिष्यवृत्तीचं कार्यालय. अनेकदा हे पद शाळेचं नसतंच. एखादी संस्था किंवा प्रकल्प माणूस नेमतो आणि शाळेत पाठवतो. कुठे त्याला समुपदेशक म्हणतात, कुठे नुसतं 'संस्थेच्या मॅडम' म्हणतात.

आता यातली अडचण बघा. शाळेत गणिताचे दोन शिक्षक असतात. एकाला काही अडलं तर तो मधल्या सुट्टीत दुसऱ्याला विचारतो. रुग्णालयात नर्सच्या वर सिस्टर इन्चार्ज असते. वकिलाला बाररूम असते. शाळेतल्या समाजकार्यकर्तीला कोण असतं? शिक्षकांच्या खोलीत तिच्यासाठी खुर्ची असते, एवढंच. तिचं काम जाणणारं दुसरं माणूस त्या इमारतीत नसतं. तिने एखाद्या मुलाबाबत घेतलेला निर्णय बरोबर की चूक, हे सांगू शकेल असं कोणी नसतं. आणि तो निर्णय पेन्सिल खोडण्यासारखा नसतो, पुढे मुलाचं आयुष्य असतं.

माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: परिषद ही समाजकार्यकर्त्यासाठी बक्षिसाची सहल नाही. जो माणूस वर्षभर एकटा निर्णय घेतो, त्याचे निर्णय तपासून बघण्याची ती जागा आहे. ती जागा नसेल तर त्याच्या चुका त्यालाही कळत नाहीत, आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

हे पुस्तकातलं बोलत नाही. माझी स्वतःची चूक सांगते.

एक वचन

पॉक्सो कायदा, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, २०१२ चा. १४ नोव्हेंबर २०१२ पासून तो लागू झाला. त्यानंतर थोड्याच काळातली ही गोष्ट. मुलीची ओळख लागू नये म्हणून मी तपशील बदलले आहेत.

नववीतली मुलगी. दोन आठवडे माझ्या खोलीच्या आसपास घुटमळत होती. एके दिवशी आली आणि म्हणाली, "मॅडम, एक सांगायचंय, पण तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही सांगणार. बोल." आम्हाला शिकवलंच होतं तसं: गोपनीयता हा आमच्या कामाचा पाया. तिने सांगितलं. घरातलाच माणूस होता.

कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळतं, त्याने ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. कायदा मला ऐकून माहीत होता. पण माहीत असणं आणि समोर रडणारी मुलगी असताना त्याचं काय करायचं ते उमगणं, यात फार अंतर आहे. मी काही दिवस घोळ घातला. तिला समजावलं, आईशी बोलू म्हटलं, पुन्हा समजावलं. त्या दिवसांत ती रोज त्याच घरी जात होती. आज हे बोलताना घसा कोरडा पडतो. शेवटी मी कळवलं. पुढची प्रक्रिया झाली, मुलगी सुरक्षित ठिकाणी गेली. पण जाताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात." बस्, एवढंच. नंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही.

मी बरोबर केलं की चूक? मुख्याध्यापक म्हणाले, "कायद्याने वागलात, विसरून जा." घरी सांगता येत नव्हतं. वर्षभर ते मी एकटीच वागवत होते.

पुढच्या वर्षी एका परिषदेत, मुख्य सभागृहात नाही, वरच्या मजल्यावरच्या एका छोट्या वर्गात, पंधरा-वीस जणांचं गटसत्र होतं. 'अवघड प्रकरणं' असा साधा विषय. धीर करून मी हे सांगितलं. खोली शांत झाली. मग एकजण म्हणाली, "माझंही असंच झालं." मग दुसरी. मग एक पुरुष कार्यकर्ता. मला वाटत होतं ही माझी वैयक्तिक नालायकी आहे. तिथे कळलं की आम्हा सगळ्यांना जे शिकवलं होतं, त्यातच एक भोक होतं.

सत्र घेणाऱ्या ज्येष्ठ बाईंनी मग फळ्यावर एक वाक्य लिहिलं. ते आम्ही तासभर घासूनपुसून मुलांच्या भाषेत आणलं. ते असं: "तू मला जे सांगशील ते मी उगाच कोणाला सांगणार नाही. पण तुला कोणी इजा करत असेल, तर तुला वाचवायला मला काही माणसांना सांगावं लागेल. कोणाला आणि कधी सांगणार, ते मी आधी तुला सांगेन."

चूक कायदा पाळण्यात नव्हती. वचन आधी दिलं आणि मर्यादा सांगितलीच नाही, ही चूक होती. आता मी हे वाक्य मूल खोलीत आल्यावर सांगत नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक वर्गात जाऊन सांगते. म्हणजे बोलायला येणाऱ्या मुलाला आधीच माहीत असतं की मॅडम काय लपवतील आणि काय लपवणार नाहीत. तुम्हाला वाटेल, मग मुलं येणार नाहीत. येतात. फसवणूक होणार नाही हे कळल्यामुळेच येतात, असा माझा अनुभव आहे.

मुख्याध्यापक सर, 'काय मिळतं' याचं पहिलं उत्तर हे. एक वाक्य मिळालं. दोन दिवसांची रजा आणि एसटीचं भाडं खर्चून.

हा व्यवसायच परिषदांतून घडला

आता थोडा इतिहास. तुम्ही म्हणाल, एका बाईच्या अनुभवावरून नियम कसा काढायचा? म्हणून सांगते की शालेय समाजकार्य हा व्यवसायच परिषदांमधून आकाराला आला.

याची सुरुवात अमेरिकेत १९०६-०७ च्या सुमारास, न्यूयॉर्क, बॉस्टन आणि हार्टफर्ड या तीन शहरांत झाली. स्थलांतरित कामगारांची मुलं शाळेत टिकत नव्हती. तेव्हा काही खासगी संस्थांनी घरोघर जाणाऱ्या बायका नेमल्या. त्यांना 'व्हिजिटिंग टीचर' म्हणत, म्हणजे भेट देणारी शिक्षिका. १९१३ मध्ये रॉचेस्टर शहराच्या शिक्षण मंडळाने त्यांचा पगार स्वतःच्या खजिन्यातून द्यायला सुरुवात केली. पण यांचं काम नेमकं काय? शिक्षिका, हजेरी तपासणारी, की दानधर्म वाटणारी? प्रत्येक शाळा आपापला अर्थ लावत होती. आजही लावते, ते सोडा.

१९१५ साली बाल्टिमोरमध्ये धर्मादाय आणि सुधारगृहांच्या कामावरची राष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे अब्राहम फ्लेक्सनर यांना बोलावलं होतं. वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१० च्या अहवालामुळे त्यांचा दबदबा होता. त्यांच्या भाषणाचा विषयच होता, समाजकार्य हा व्यवसाय आहे का? आणि त्यांचं उत्तर होतं, अजून नाही. समाजकार्यकर्ता मध्यस्थ आहे, तो प्रश्न ओळखतो आणि डॉक्टरकडे, वकिलाकडे, शिक्षकाकडे पाठवतो, त्याचं स्वतःचं शिकवता येईल असं तंत्र नाही, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्याच मांडवात पाहुणा बोलवायचा आणि त्याने तोंडावर असं सांगायचं! लोक दुखावले. पण त्या टीकेला उत्तर शोधण्यात त्या व्यवसायाची पुढची कित्येक वर्षं गेली. १९१७ मध्ये मेरी रिचमंड यांचं 'सोशल डायग्नोसिस' आलं. एखाद्या कुटुंबाची माहिती कशी गोळा करायची आणि ती कशी पारखायची, याची रीतसर पद्धत त्यात मांडली होती.

१९१६ च्या त्याच राष्ट्रीय परिषदेत जेन कल्बर्ट यांनी व्हिजिटिंग टीचरच्या कामाची मांडणी केली. तिचं सार असं: मुलाचं शाळेबाहेरचं आयुष्य शाळेला समजावून सांगणं, त्या वस्तीचं जगणं शाळेला कळेल असं बघणं, आणि शाळेच्या अपेक्षा पालकांना समजावून सांगणं. आज एवढ्या वर्षांनी आपल्याकडच्या शालेय समाजकार्यकर्त्याच्या कामाची यादी काढा, गाभा हाच निघतो. म्हणजे आपल्या कामाची व्याख्या कुठल्या सरकारी आदेशात जन्मली नाही, ती एका परिषदेच्या व्यासपीठावर मांडली गेली.

आपल्याकडे काय? मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, आजची 'टिस'. देशात समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण तिथून सुरू झालं. आणि १९४७ साली देशभरच्या समाजकार्यकर्त्यांना एकत्र आणणारी संस्था मुंबईतच उभी राहिली. तिचं नावच होतं 'इंडियन कॉन्फरन्स ऑफ सोशल वर्क'. संस्थेच्या नावातच परिषद! पुढे तिचं नाव बदललं.

त्याच्याही मागे जायचं तर न्यायमूर्ती रानड्यांनी १८८७ साली राष्ट्रीय सामाजिक परिषद सुरू केली. काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून, तिच्याच मांडवात ती भरायची. १८९५ साली काँग्रेस पुण्यात भरली तेव्हा त्या मांडवात सामाजिक परिषद भरू द्यायची नाही असा मोठा वाद पेटला, आणि परिषद वेगळ्या जागी घ्यावी लागली. आपल्या याच गावातली गोष्ट. मी विद्यार्थ्यांना विचारते, चार लोक जमून नुसती भाषणं करणार असते तर मांडवावरून एवढं भांडण झालं असतं का? माणसं एकत्र बसून आपल्या प्रश्नाला नाव देतात, तेव्हा ती ताकद होते. विरोध करणाऱ्यांनाही ते कळतं.

आणखी तीन गोष्टी

चूक बोलून दाखवायची जागा, हा परिषदेचा पहिला उपयोग झाला. आणखी तीन सांगते, जरा भरभर.

एक, दुसऱ्या मुलखातलं शहाणपण. मी काम करत होते त्या शहरी शाळेत मराठवाड्यातून आलेल्या बांधकाम मजुरांची मुलं होती. मार्च आला की ती गायब व्हायची. मी एप्रिलमध्ये गृहभेटीला जायचे तर खोलीला कुलूप. माझ्या नोंदवहीत शेरा असायचा: 'पालक शिक्षणाबाबत उदासीन.' परिषदेत बीडकडच्या एका कार्यकर्त्याशी जेवणाच्या रांगेत बोलणं झालं. तो ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करायचा. तो म्हणाला, "ताई, तुम्ही कुलूप लागल्यावर जाता. आम्ही कुलूप लागायच्या आधी जातो." टोळ्या साधारण दिवाळीच्या आगेमागे निघतात. त्यामुळे तो गणपती-नवरात्रातच घरोघर विचारत फिरायचा, कोण जाणार, मूल आजीजवळ राहील का, हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव घालायचं का. माझ्याकडे गोष्ट उलटी होती, कुटुंबं शहरातून गावाकडे परतत होती, पण युक्ती तीच. मी संक्रांतीलाच पालकांना विचारायला लागले, "गावाला कधी निघणार? तिथली शाळा कोणती?" गावच्या शाळेतल्या गुरुजींचा फोन नंबर घेऊन ठेवायचा आणि मुलाबरोबर चिठ्ठी द्यायची. सगळी मुलं टिकली असं मी म्हणणार नाही. पण माझ्या वहीतला 'उदासीन' हा शब्द गेला. तो शब्द पालकांचं वर्णन नव्हताच, माझ्या चुकलेल्या वेळापत्रकाचं होता.

दोन, संशोधन आपल्यापर्यंत पोचण्याचा रस्ता. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांमध्ये 'सेहेर' नावाचा एक मोठा प्रयोग झाला. गोव्यातल्या 'संगत' संस्थेच्या संशोधकांचा त्यात पुढाकार होता. काही शाळांत मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी आणि शाळेतलं वातावरण सुधारण्यासाठी प्रशिक्षण दिलेला स्वतंत्र माणूस नेमला. काही शाळांत तेच काम तिथल्या शिक्षकाकडे दिलं. काही शाळांत यातलं काहीच केलं नाही, तुलनेसाठी. निष्कर्ष २०१८ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. स्वतंत्र माणूस होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकाकडे जादा काम म्हणून दिलं होतं तिथे तसा फरक दिसला नाही. शिक्षक वाईट होते असा याचा अर्थ नाही. आधीच भरलेल्या ताटात आणखी एक वाटी ठेवली तर ती सांडणारच.

आता मला सांगा, तालुक्याच्या शाळेतली कोणती कार्यकर्ती इंग्रजी वैद्यकीय नियतकालिक उघडून वाचणार आहे? तिच्यापर्यंत हे कसं जाणार? कोणीतरी समोर उभं राहून मराठीत सांगितलं तरच. आणि 'आमच्याकडे शिक्षकच समुपदेशन करतात, तुमची गरज काय' असं तिला ऐकवलं जातं तेव्हा हीच माहिती तिच्या कामी येते.

तीन, सामूहिक मागणी. एका समाजकार्यकर्त्याकडे किती मुलं असावीत? अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या २०१२ च्या मानकांत २५० मुलांमागे एक, असं प्रमाण सुचवलं आहे. मुलांच्या गरजा तीव्र असतील तर ५० मुलांमागे एक. आपल्याकडे एकेक जण तीन-चार शाळा सांभाळताना मी पाहिले आहेत. ही मागणी मी एकटीने केली तर ती कामचुकार बाईची तक्रार ठरते. दोनशे जणांनी ठराव केला तर ती व्यवसायाची भूमिका ठरते. मराठीत गंमत बघा, 'परिषद' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक संमेलनाचा, दुसरा नियम करणाऱ्या मंडळाचा. डॉक्टरांना नोंदणी करायला परिषद आहे, वकिलांना आहे. शालेय समाजकार्यकर्त्याला तशी वैधानिक परिषद नाही. म्हणून दुसऱ्या अर्थाची परिषद मिळेपर्यंत पहिल्या अर्थाच्या परिषदेवरच आपली भिस्त आहे.

परिषदा अशा का होतात?

इथे काही जण गालातल्या गालात हसताहेत, मला दिसतंय. तुम्ही म्हणत असाल, बाई, या कुठल्या परिषदा? आम्ही गेलो तिथे दीपप्रज्वलन होतं, प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले, शाल-श्रीफळ झालं, बीजभाषण झालं, आणि मग दुपारी एका तासात बारा शोधनिबंध वाचले गेले.

खरं आहे. मीही अशा परिषदांना बसले आहे. शोधनिबंध वाचणाऱ्याला पाच मिनिटं, त्यातली दोन आभार मानण्यात जातात. प्रमाणपत्र मिळतं, ते पदोन्नतीच्या फाइलला लागतं. सगळं इंग्रजीत चालतं आणि प्रत्यक्ष वस्तीत काम करणारी कार्यकर्ती शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसते. नोंदणी शुल्क खिशातून. कंत्राटी नोकरी असेल तर त्या दोन दिवसांचा पगार कापलेला. लहान मूल असलेल्या बाईला मुक्कामी जाणं जमत नाही, आणि आपल्या व्यवसायात बायकाच जास्त.

म्हणजे मी परिषदेची बाजू मांडतेय ती कुठल्याही परिषदेची नाही. माझी कसोटी सोपी आहे. तिथे काम करणाऱ्या माणसाला बोलायला जागा आहे का? अडलेलं प्रकरण मांडायला छोटे गट आहेत का? बोलण्याची भाषा त्याची आहे का? ही तीन उत्तरं 'हो' असतील तर जा. नसतील तर आयोजकांना पत्र लिहा. मी लिहिली आहेत. दोनदा उत्तर आलं नाही, तिसऱ्यांदा आलं, आणि पुढच्या वर्षी दुपारचं एक सत्र मराठीत झालं.

जायचं कसं, परतायचं कसं

विद्यार्थ्यांनो, हे लिहून घ्या.

जाताना एक प्रश्न घेऊन जा. एकच. 'या मुलाचं काय करू हे मला कळत नाहीये' असा. प्रश्न नसलेला माणूस परिषदेत फक्त जेवतो.

प्रकरण मांडताना मुलाचं नाव बदलणं पुरेसं नाही. गाव, इयत्ता, भावंडांची संख्या, वडिलांचा धंदा, जे ओळख पटवू शकतं ते सगळं बदला. एका सत्रात कोणीतरी एक प्रकरण इतकं रंगवून सांगितलं की त्याच गावातल्या दुसऱ्या कार्यकर्त्याने मूल ओळखलं. त्याचा चेहरा मी विसरले नाही. मुलाची गोष्ट आपल्याला शिकण्यासाठी उसनी मिळालेली असते, ती आपल्या मालकीची नसते.

चहाची सुट्टी चुकवू नका. व्यासपीठावरून कोणी आपलं अपयश सांगत नाही, चहाच्या टेबलापाशी सांगतं. तीन नंबर घेऊन या. नंतर पेच पडेल तेव्हा फोन करता येईल असे.

आणि परत आल्यावर आठ दिवसांच्या आत दोन गोष्टी करा. शिक्षकांच्या खोलीत अर्धा तास मागून घ्या आणि काय शिकलात ते सांगा. शाळेत सखी सावित्री समिती असेल, शाळा व्यवस्थापन समिती असेल, त्यांच्यासमोरही सांगा. आणि आपल्या कामातली एक पद्धत बदला. एकच बदला. ती टिकली तर पुढची.

आता मुख्याध्यापकांना. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी शैक्षणिक वर्षाचे किमान २२० दिवस सांगितले आहेत. त्यातले दोन मागतोय, शेकडा एकसुद्धा होत नाही. ते कर्तव्य रजा म्हणून द्या. 'मी इथे आहे, तुम्ही जाऊन या' असं म्हणा. आणि परतल्यावर विचारा, "काय आणलंत?" हा प्रश्न तुम्ही विचारलात तर पुढच्या वेळी ती रिकाम्या हाताने येणार नाही.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: आता सगळं ऑनलाइन होतं. घरबसल्या वेबिनार ऐकलं तर तेच मिळत नाही का? प्रवासाचा खर्चही वाचेल.*

माहिती मिळते, आणि ती मिळवाच. कायद्यातले बदल, नवी योजना, यासाठी वेबिनार उत्तम. मुक्कामी जाऊ न शकणाऱ्या बायकांसाठी तर फारच. पण मी मघाशी सांगितलेली ती मुलीची गोष्ट, ती मी पडद्यासमोर सांगितली असती का? पलीकडे कोण बसलंय, कोण रेकॉर्ड करतंय, हे माहीत नसताना? नसती सांगितली. आणि अशी प्रकरणं तिथे सांगूही नयेत. माहितीसाठी ऑनलाइन चालेल. निर्णय तपासायला बंद दाराची खोली आणि समोर माणसं लागतात.

*प्रश्न: मी शेवटच्या वर्षाला आहे. पुढे तालुक्याच्या ठिकाणी नोकरी लागली, पगार कमी आणि रजा मिळत नाही, तर काय करायचं?*

हा प्रश्न विचारलास ते बरं केलंस. मग परिषद आपल्या गावात भरवायची. शनिवारी बहुतेक शाळा सकाळच्या असतात. तालुक्यातले चार-पाच जण शोध. सगळे समाजकार्यकर्तेच हवेत असं नाही, बालरक्षक म्हणून काम करणारा एखादा शिक्षक असेल, अंगणवाडी पर्यवेक्षिका असेल, तेही चालतील. महिन्यातून एकदा एका शाळेत दोन तास बसा. प्रत्येकाने एक अडलेलं प्रकरण ओळख पुसून मांडायचं, बाकीच्यांनी आधी प्रश्न विचारायचे, सल्ला नंतर. आम्ही असा गट कैक वर्षं चालवतो. सुरुवातीला तिघीच होतो. एकदा तर पावसामुळे दोघीच पोचलो, तरी बसलो. त्या दिवशी मी एका आठवीतल्या मुलाला शाळेतून काढायच्या शिफारशीवर सही करणार होते. दुसरीने चार प्रश्न विचारले आणि तिसऱ्या प्रश्नालाच माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या घरी एकदाही गेलेली नाही. सोमवारी गेले. मुलगा अजून शाळेत आहे.

वेळ संपली. शिपाईमामा दाराशी उभे आहेत, त्यांना घरी जायचंय. थांबते.